उजव्या हाताचं तिसरं घर

नाव: श्रीमती ललिता महेंद्र रणपिसे. पद: क्षेत्र अन्वेषक, श्रेणी दोन. सांकेतिक क्रमांक: डी-०४१७. मुख्यालय: दौंड. कार्यक्षेत्र: दौंड व शिरूर हे दोन तालुके, आणि वरिष्ठांनी वेळोवेळी फर्मावलेला इतर कोणताही भूभाग. शैक्षणिक अर्हता: बी.ए., द्वितीय वर्ग. सेवाकाल: बावीस वर्षे, हंगामी. सोपवलेले काम: दृक्‌श्राव्य कार्यक्रमाच्या निर्मितीपूर्वी संभाव्य प्रेक्षकांची आवडनिवड, कौटुंबिक स्थिती व घरगुती वस्तूंची मालकी यांबाबत शास्त्रशुद्ध, पूर्वग्रहरहित व पडताळणीयोग्य माहिती संकलित करणे. ओळखीची खूण: गळ्यात निळी पट्टी, खांद्याला पिशवी. आजवर रद्द झालेली प्रपत्रे: निरंक.

हे वर्णन पुण्यातल्या एका एजन्सीच्या संगणकात आहे. त्यात गुडघ्यांसाठी रकाना नाही. असता तर दोन्ही गुडघ्यांतली वंगणाची गादी झिजली आहे, असं लिहावं लागलं असतं. चालणं कमी करा, असं दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ललितानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं, किती टक्के?

सरळ सांगायचं तर ललिता घरोघरी जाऊन प्रश्न विचारते. सुरुवातीला साबणाचे विचारले, मग चहा पावडरीचे, मध्ये दोन वर्षं ट्रॅक्टरच्या टायरचे. अलीकडं मालिकांचे विचारते. मालिका काढायची म्हणजे आधी कुणीतरी ती लिहीत असेल, असा आपला समज असतो. पण त्याच्याही आधी कुणीतरी विचारून येतं. नायिका शिकलेली असावी का, सासू किती वाईट चालेल, गाव खरं दाखवावं की स्वच्छ, हे सगळं उन्हातान्हात विचारून झालं की मग पंखा लावून लिहायला बसतात.

या वेळी एका वाहिनीला नवी मालिका काढायची होती. शेतकी कॉलेजात शिकलेली मुलगी पुण्यातली नोकरी सोडून सासरच्या गावी येते आणि ट्रॅक्टर चालवते, अशी कथा. ती दहा ओळींत बसवून एका कार्डावर छापली होती. कार्ड वाचून दाखवायचं आणि बायकांचं म्हणणं टॅबमध्ये भरायचं. शिरूर तालुक्यातून कवठे येमाई हे गाव निघालं. साठ बायका हव्या होत्या. वरच्या वर्गातल्या वीस, मधल्या वीस, खालच्या वीस.

शिरूर-दौंडच्या सुपरवायझरची जागा त्याच सुमारास रिकामी झाली होती. सुपरवायझर म्हणजे दिवसाला दोन गावांत स्कूटरवरून जायचं, पोरींच्या टॅबमध्ये डोकावायचं आणि सावलीला बसून फोन घ्यायचे. ललिताला त्यातल्या पगारापेक्षा सावलीची ओढ होती. तिच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला तिचा वरिष्ठ पृथ्वीराज याने स्वतःच तिला सांगितलं होतं, "ताई, एवढं कवठ्याचं काम स्वच्छ करून द्या. जागा तुमचीच. साठातला एकही फॉर्म रद्द झाला नाही पाहिजे, बास."

बावीस वर्षांत तिचं एकही प्रपत्र रद्द झालं नव्हतं. त्यामुळे ही अट तिला अटच वाटली नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ती दौंडहून सकाळच्या एसटीनं शिरूरला आणि शिरूरहून जीपनं कवठ्याला उतरली. गावात कांदाकाढणी चालू होती. बाया सकाळी सातला रानात जात आणि एक वाजता भाकरीला घरी येत. संध्याकाळी पाचनंतर कुणी दार उघडत नसे, कारण उसात बिबट्या होता. म्हणजे शास्त्रशुद्ध माहिती गोळा करायला रोजचे चार तास, तेही ऐन उन्हाचे.

पद्धत ठरलेली होती. ग्रामपंचायतीपासून निघायचं, उजव्या हाताच्या भिंती धरून चालायचं आणि प्रत्येक तिसरं घर घ्यायचं. घरात गेल्यावर वाटेल त्या बाईशी बोलायचं नाही. जिचा वाढदिवस सगळ्यांत अलीकडं झाला असेल तिलाच प्रश्न विचारायचे, म्हणजे निवड निःपक्ष होते. हा नियम ज्याने केला त्याने कवठ्याचे दाखले बघितले नसावेत. पन्नाशीपुढच्या ज्या बाया शाळेत गेल्या त्यांचा जन्म मास्तरांनी एक जूनला लावून टाकला आहे. ज्या गेल्याच नाहीत त्यांना आधार कार्डवाल्याने एक जानेवारी दिली. त्यामुळे मार्च महिन्यात हा निःपक्ष नियम बहुतेक घरांत सासूच निवडतो.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या घरात मात्र सासू नव्हती. सविता नावाची तिशीतली बाई होती. नुकतीच रानातून येऊन हातपाय धूत होती. ललितानं नमस्कार केला, ओळख सांगितली आणि नियमाप्रमाणे आधी वस्तूंची यादी काढली. अकरा वस्तू. त्यांतल्या किती घरात आहेत आणि कर्ता पुरुष किती शिकलेला आहे, यावरून घराचा वर्ग ठरतो.

"टीव्ही आहे का?"

"न्हाई."

वर पत्र्यावर डिशची छत्री होती. आतल्या खोलीत एक बाई हुंदके देत होती आणि तिच्यामागं सनई वाजत होती.

"आत कोण आहे?"

"मोबाइल हाय."

"आवाज मोठा आहे."

"मोठा मोबाइल हाय."

"फ्रिज?"

"न्हाई बाई. आमाला कुठला फ्रिज?" असं म्हणत सवितानं पाण्याची बाटली पुढं केली. बाटलीला घाम फुटला होता. ललितानं बाटलीकडं पाहिलं, तशी सविता म्हणाली, "माठातलं हाय. बाटली माठात ठिवतो आमी."

"चारचाकी?"

अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. त्याची चाकं तेवढी दिसत होती. चारच होती.

"पावन्यांची हाय. ठिवून गेल्यात."

"कधी?"

"झाली की चार वर्सं."

ललितानं तीनही ठिकाणी 'नाही' नोंदवलं आणि कार्ड वाचून दाखवलं. सविता मन लावून ऐकत होती. मग ती साडेसातच्या मालिकेतली थोरली सून, आठच्या मालिकेतली वकील आणि साडेआठच्या मालिकेतला मेलेला नवरा यांच्याशी या नव्या नायिकेची तुलना करत पंधरा मिनिटं बोलली.

"हे सगळं बघता कुठं?" ललितानं विचारलं.

"शेजारी जातो."

उजव्या हाताच्या पुढच्या तिसऱ्या घरीही टीव्ही नव्हता. तिथल्या बाया सविताकडं जात होत्या. त्याच्यापुढच्या घरातल्या आणखी पुढं जात होत्या. अशी सगळी आळी शेजारी जाऊन टीव्ही बघत होती, आणि तो शेजार ललिताला दोन दिवस चालून सापडला नाही.

कारण तिला माहीत होतं. बायकांच्या खात्यात दर महिन्याला रक्कम येते त्या सरकारी योजनेची यादी पुन्हा तपासणार, घरात गाडी-टीव्ही दिसला की नाव कापणार, अशी आवई दोन आठवड्यांपासून उठली होती. अशा वेळी गळ्यात पट्टी, हातात टॅब घेतलेली बाई दारात येऊन फ्रिज आहे का विचारते. ती मालिकेसाठी आली आहे यावर शहाण्या माणसानं का विश्वास ठेवावा? यापूर्वी कुठल्या मालिकेने गावाला काही विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी मारुतरावांचा बंगला लागला. सोसायटीचे माजी चेअरमन असलेले मारुतराव व्हरांड्यात खाटेवर बसून होते. प्रश्न त्यांच्या सुनेला विचारायचे होते, उत्तरं ते देत होते.

"कुठल्या म्हनायच्या तुमी?"

"दौंडची, आबा."

"आडनाव?"

"रणपिसे."

"हां, हां."

उत्तरदात्याला जात विचारू नये, असा एजन्सीचा सक्त नियम आहे. गावाच्या प्रश्नावलीत तो पहिलाच प्रश्न असतो, फक्त वेगळ्या शब्दांत. ललिताला त्या दोन 'हां'मधलं अंतर बावीस वर्षांत पाठ झालं होतं. तिनं टॅब उघडला.

"एसी आहे का?"

तिच्या डोक्यावर भिंतीत बसवलेला पांढरा डबा घुमत होता आणि तिच्या खांद्यावर थेंब थेंब पाणी पाडत होता.

"त्यो नुसता बसवलाय," मारुतराव म्हणाले. "चालत न्हाई."

ललिता वीतभर सरकून बसली.

"पंखा लिवा. एक लिवा. आन् पोरगं इंजिनेर हाय, ते लिवा. शिक्षनाला कोन काय करत न्हाई."

अशा रीतीनं एक पंखा आणि एक इंजिनियर मिळून मारुतरावांचं घर मधल्या वर्गात बसलं. गावातले बाकीचे बंगलेही तसेच मधल्या वर्गात येऊन बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या वर्गातल्या वीस आणि मधल्या वर्गातल्या वीस बायका पूर्ण झाल्या. वरच्या वर्गात कवठे येमाईत कुणीच राहत नव्हतं.

पृथ्वीराज गाडी घेऊन पाहणीला आला. तो गाडीतून उतरला नाही, काच खाली केली.

"ताई, अ वर्ग शून्य? इथं दारोदार गाड्या उभ्यात."

"पाहुण्यांच्या आहेत."

"सगळ्या?"

"सर, नियम नऊ. उत्तरदात्यानं सांगितलं तेच नोंदवायचं. डोळ्यांनी दिसलेलं नोंदवायचं नाही."

"मला माहितीय हो नियम नऊ."

"माहिती असणारच. ट्रेनिंगमध्ये मीच शिकवला होता तुम्हाला."

पृथ्वीराज हसला, पण थोडंच. "बरं, वीस घरांत तुम्ही टिक करून टाका. दिसतंय तर दिसतंय."

"आणि पडताळणीचा फोन गेला की?"

भरलेल्या प्रपत्रातल्या बाईला आठ-दहा दिवसांत पुण्याहून एक मुलगी फोन करते. तुमच्याकडं आमची बाई आली होती का आणि घरात काय काय आहे, एवढंच विचारते. उत्तर जुळलं तर प्रपत्र खरं, नाही जुळलं तर रद्द. ललितानं टीव्ही लिहिला आणि बाईनं फोनवर नाही म्हटलं की ललिता खोटी. नाही लिहिला तर वरचा वर्ग रिकामा, काम अपुरं, जागा गेली.

"संपतचं बघा," पृथ्वीराज म्हणाला. "सणसवाडीचे साठ एका दिवसात झाले. एकही रद्द नाही."

संपत हा ललिताचा सहकारी. तो सणसवाडीत कंपन्यांसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून साठही बायकांची मतं स्वतःच तयार करी. फोन नंबर मेव्हण्याच्या नात्यागोत्यातले देई आणि काय सांगायचं ते त्यांना आधी कळवून ठेवी. त्याची माहिती पडताळणीत नेहमी तंतोतंत जुळे.

"मला तसं नाही जमत, सर."

"का?"

"चहानं पित्त होतं मला."

पृथ्वीराजनं काच वर केली.

तिसऱ्या दिवशी ललिता जीपमधून उतरली ती गुडघ्याला हात लावूनच. एक वाजायला अवकाश होता. ती एका ओसरीच्या सावलीला टेकली. ओसरी साळूबाईंची होती. साळूबाई सत्तरीच्या, बारा वर्षं बचत गटाच्या अध्यक्ष राहिलेल्या. त्या कांद्याच्या पाती कापत होत्या, आणि कापता कापता तिच्याकडं बघत होत्या.

"दोन दिस बघतीया तुला. येतीस, इचारतीस, जातीस. तुला कोन इचारतं का काय?"

"मला? नाही, आक्का."

"मंग बस अशी. आज म्या इचारते." साळूबाईंनी विळा बाजूला ठेवला. "पंखा हाय का घरात?"

ललिताला हसू आलं. "दोन आहेत."

"टीव्ही?"

"आहे."

"फ्रिज?"

"आहे. त्याचं दार लागत नाही. दोरीनं बांधलंय."

"नवरा काय करतो?"

"कुरकुंभला कंपनीत सिक्युरिटीला आहे. रात्रपाळी."

"चारचाकी?"

ललिता थांबली. बावीस वर्षांत हा क्षण तिनं समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर हजारदा पाहिला होता. तो आतून कसा असतो ते आज कळलं.

"दिराची आहे. आमच्या दारात असते."

"नावावर कुनाच्या?"

"माझ्या. त्याला कर्ज मिळंना म्हणून माझ्या नावावर घेतली."

"आन् योजनेच्या यादीत नाव हाय तुजं?"

"आहे."

"इचाराय आले हुते तवा काय सांगितलंस?"

"पाहुण्यांची आहे म्हणून सांगितलं."

साळूबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खोकला लागला, मग ललितानंच उठून त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आन् ह्ये गुडघं कवापास्नं?"

हा प्रश्न यादीतला नव्हता. "तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "रात्री जास्त दुखतात. घरी सांगत नाही."

"मंग सरकारची न्हाईस तू," साळूबाईंनी निकाल दिला. "सरकारचं मानूस आसं बोलत न्हाई. आमी सांगितलं तर कुनाला सांगनार?"

"नावानिशी कुणालाच नाही. नावं वेगळी ठेवतात, उत्तरं वेगळी. तसा नियम आहे."

"सबूद?"

"शब्द."

"मंग तुजं आमच्यात ऱ्हाईल आन् आमचं तुज्यात. त्या गाडीचंबी कुठं बोलनार न्हाई आमी."

नियमानंही साळूबाईंचंच घर तिसरं येत होतं, त्यामुळे त्या दिवसाचं पहिलं प्रपत्र त्यांचं झालं. त्या दुपारी हे बोलणं कांद्याच्या वावरांतून कसं फिरलं हे ललिताला कळलं नाही. पण उजव्या हाताचं पुढचं तिसरं घर आपणहून उघडलं. टीव्ही? हाय. भिंतीवरचा, बेचाळीस इंची. फ्रिज? दोन दारांचा. एका घरात सासूच्या खोलीत दुसरा टीव्ही होता, कारण सासूला कीर्तन लागतं आणि सुनेला मालिका, आणि दोघींना एकमेकींचं काही ऐकवत नाही. सगळ्या बाया मोजून, दाखवून, हात लावून सांगत होत्या. इतके दिवस दडपून ठेवलेली श्रीमंती सांगायला मिळाली म्हणून त्यांनाही बरं वाटत असावं.

सविता तर रस्त्यातच भेटली. "माजंबी बदला की आता. खरं लिवा. पांढरी हाय गाडी, बसाय येळ मिळत न्हाई ह्ये सोडा."

"नाही बदलता येत. एकदा पाठवलेलं उघडत नाही."

"म्हंजी खोटंच ऱ्हानार?"

"पाठवलेलं ते खरंच धरतात."

दोन दुपारी मिळून वीस घरं झाली. वस्तूंचं खरं निघालं तसं कथेबद्दलचंही निघालं. चाळीस बायांनी आधी 'चांगली हाय, दावा' एवढंच म्हटलं होतं किंवा दुसऱ्याच मालिकांबद्दल सांगितलं होतं. या वीस जणी कार्डावर तुटून पडल्या. साडी नेसून ट्रॅक्टर चालवती तर पदर खोचतीय का न्हाई? नांगरट करून आली आन् लगेच पूजेला बसली, मंग आंगूळ कवा केली? माजी सून चालवती की ट्रॅक्टर, तिच्यावर कुनी मालिका काडली न्हाई.

शेवटच्या घरी भागुबाई होत्या, पंचावन्नच्या. त्यांनी कार्ड दोनदा वाचायला लावलं. मग बराच वेळ पायाची माती नखानं खरवडत बसल्या.

"एक इचारू का, बाई? ही दमती का?"

"कोण?"

"ह्यी, मालिकेतली. सकाळपास्नं ट्रॅक्टर चालवती, सासूचं ऐकती, दिराला सुदारती. रातच्याला जेवताना एकदा तरी घास हातात धरून झोप लागलेली दावा की तिला. त्या बाया कवाच दमत न्हाईत. म्हनून खोट्या वाटत्यात. बाकी चांगल्या असत्यात."

टॅबमध्ये मोकळ्या उत्तरासाठी दोनशे अक्षरांची जागा होती. भागुबाईंचं म्हणणं त्यात मावेना. ललितानं विशेषणं काढली, मग क्रियापदं आखूड केली आणि शेवटी मावेल इतकं बसवलं. एवढ्या वर्षांत तिनं साबणाबद्दल, चहाबद्दल, टायरबद्दल हजारो मतं लिहून घेतली होती. एखादं मत जसंच्या तसं वर पोचावं असं तिला पहिल्यांदाच वाटलं. तिनं बटण दाबलं. प्रपत्र गेलं.

पृथ्वीराजचा फोन त्याच संध्याकाळी आला. "ताई, वीसच्या वीस! कसं केलं?"

"विचारलं."

"तुमचं नाव पाठवतो उद्या वर."

घरी ललितानं काही सांगितलं नाही, पण मुलीजवळ, तेजश्रीजवळ, स्कूटर शिकायला या वयात किती दिवस लागतील अशी चौकशी केली. तेजश्री म्हणाली, "आई, तू आधी सायकलवरून पडायची थांब." तेवढ्यावर तो विषय राहिला.

नऊ दिवसांनी साळूबाईंचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"ललिता, आगं पुन्यावनं पोरीचा फोन आलता. लई ग्वाड बोलती. म्हनली, पडताळनी करायचीय."

ललिता ओट्याला धरून उभी राहिली. "मग?"

"मंग काय? आपलं ठरलंच हुतं न्हवं. म्या सगळ्यांस्नी आधीच सांगून ठिवलं हुतं, काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई. टीव्ही? न्हाई. गाडी? न्हाई. म्हनली, तुमच्याकडं आमची बाई आलती का? म्हनलं, कंची बाई? हिकडं कुनीबी फिरकलं न्हाई."

"सगळ्यांनी असंच सांगितलं?"

"इसाच्या इसांनी! भागी तर म्हनली, आमच्यात लाइटच न्हाई. तुजं नाव कुठं लागू दिलं न्हाई बघ."

ललितानं ओट्यावरचा गॅस बंद केला.

"बरं केलं, आक्का," ती म्हणाली.

"गुडघं कसं हायत?"

"आहेत."

आधीच्या चाळीस जणींनाही फोन गेले होते. त्यांच्याकडं लपवायला काही उरलं नव्हतं. हो, आलती एक निळ्या पट्टीवाली बाई. न्हाई, टीव्ही न्हाई. पावन्यांची गाडी हाय. चाळीसच्या चाळीस जुळली. पडताळणी करणाऱ्या मुलीनं त्यांच्यापुढं 'अत्यंत विश्वसनीय' असा शेरा मारला.

ललितानं पृथ्वीराजला सगळं सांगितलं. योजना, साळूबाई, दिलेला शब्द. दिराच्या गाडीचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मला पटतंय, ताई. खरंच पटतंय. पण पटलं म्हणून कुठं क्लिक करू? तसा ऑप्शनच नाही." मग त्याला सुचलं. "तुम्ही साळूबाईंना फोन करा ना. म्हणावं, परत फोन येईल तेव्हा खरं सांगा."

"नियम चौदा. अन्वेषकानं उत्तरदात्याशी पुन्हा संपर्क साधायचा नाही."

"आत्ता कसला नियम चौदा, ताई! जागा जातीये तुमची."

नियम चौदा हे अर्थातच निमित्त होतं. फोन हातात घेऊन ती एकदा बसली होती. काय सांगायचं साळूबाईंना? तुम्ही शब्द पाळलात म्हणून माझं नुकसान झालं? की नावं वेगळी आणि उत्तरं वेगळी ठेवतात असं मी तुम्हाला सांगितलं, आणि नऊ दिवसांत एका परक्या मुलीकडं तुमची नावंही होती आणि उत्तरंही होती? ती त्या बाजूनं विचार करू लागली तेव्हा शब्द मोडलेलं माणूस त्या वीस जणींत तिला एकही सापडेना. तिनं फोन ठेवून दिला आणि भाजी निवडायला घेतली.

वरच्या वर्गातल्या वीस बायका शेवटी संपतने सणसवाडीतून पुरवल्या. त्याला अर्धा तास लागला. त्या सगळ्यांना नायिका आवडली, सासू आवडली, ट्रॅक्टरचा रंगही आवडला. अहवाल वेळेत गेला. शिरूर-दौंडच्या सुपरवायझरच्या जागेवर संपतची नेमणूक झाली. त्याने ललिताला फोन करून, "ताई, काही वाटून घेऊ नका, आपण घरचेच," असं सांगितलं आणि सोमवारी आठला दौंडच्या स्टँडवर हजर राहायला सांगितलं. टूथपेस्टचं काम होतं. चाळीस घरं.

एजन्सीचं पत्र त्याच आठवड्यात ई-मेलनं आलं. तेजश्रीनं ते मोबाइलवर मोठं करून आईपुढं धरलं:

"क्षेत्र अन्वेषक डी-०४१७ यांनी मौजे कवठे येमाई, ता. शिरूर येथील उच्च आर्थिक वर्गातील वीस कुटुंबांना प्रत्यक्ष भेट न देता त्यांची प्रपत्रे काल्पनिकरीत्या तयार केल्याचे त्रिस्तरीय शास्त्रशुद्ध पडताळणीत निष्पन्न झाले आहे. सदर वीस कुटुंबांपैकी एकाही कुटुंबाकडे दूरचित्रवाणी संच नसल्याची खातरजमा करण्यात आली आहे. सबब सदर प्रपत्रे, त्यांतील मोकळ्या अभिप्रायांसह, रद्दबातल करण्यात येत असून संबंधितांना सहा महिन्यांकरिता प्रशिक्षणार्थी श्रेणीत वर्ग करण्यात येत आहे."

त्या वीस घरांत तेवीस टीव्ही आहेत.